अख्खा लाडू

आमच्या मालकांनी, ग्यानोबांनी, गुटखा सोडला त्याला चार वर्षं झाली. अठरा वर्षं गाल फुगवून हिंडलेला माणूस, पण सोडला तो सोडलाच. मी मारुतीला नारळ फोडला. मला काय ठावं, गुटखा सुटला तरी तोंड आवळलेलंच राहतंय! भाकरीचा तुकडाबी कडेकडेनं सारावा लागायचा.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरा. जमंल तशी एकेक वाढवा." मग रोज सकाळी नवरा दातांत काड्या धरून गप, अन् मी बोलून राहिले. पंचवीस वर्षांचं तुंबलेलं सगळं बोलून घेतलं बघा. बिचारे नुसते डोळे वटारायचे.

तरी मागल्या साली शिल्पाच्या, आमच्या लेकीच्या, साखरपुड्यात फजिती झालीच. आमच्यात इवायानं इवायाला, म्हंजी पोरा-पोरीच्या बापांनी एकमेकांना, भर मांडवात अख्खा लाडू चारायची रीत. शिल्पाचे सासरे, चाकूरचे रामलिंगअप्पा, लाडू घेऊन आले. लाडू दातावर आपटून फुटला, मालकांच्या नव्या सदऱ्यावर बुंदीचा सडा! "अवो इवाई, हे तोंड हाय का गल्ल्याची फट?" अप्पा म्हणाले. मांडव खदाखदा हसला. मालक भरल्या पानावरून उठून गेले, अप्पांना लाडू न चारताच. पोरगी आत रडून राहिली. मला तर त्या अप्पाची मिशी उपटावी वाटली.

तवापासून मालक इरेला पेटले. मला म्हणाले, "केवळा, लाडू अख्खा गेला पाहिजे. न्हाई तर लग्नाच्या मांडवात मी पाय ठेवत न्हाई."

लेकीच्या लग्नाला बाप न्हाई? मग मीबी हात धुऊन मागं लागले. काड्या, गुळण्या, पहाटंचं चालणं. तिखट बंद. ठेचा खायला मी शेजारी जायची. लग्नाच्या आदल्या दिवशी मालकांनी उजेडात उभं राहून आ केला, "बघ गं, पडजीभ दिसती का?" दिसली बाई! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघितली.

दुसऱ्या दिवशी पंगतीत अप्पा आले, मुद्दाम मोठा लाडू निवडून. मालकांनी आ केला. गेला! अख्खा गेला! चावता चावता डोळ्यात पाणी, पण मान ताठ.

"आता अप्पा!" पोरांनी गलका केला. परात घेऊन मीच उभी होते. त्याहून मोठा लाडू मालकांच्या हातात दिला, खोटं कशाला बोलू.

"राहू द्या, मला साखर हाय," अप्पा म्हणाले. पण सोडतंय कोण? अप्पांनी तोंड उघडलं अन् ते दोन बोटांवरच अडलं. वरच्या खिशातून गुटख्याची पुडी डोकावत होती. अस्सं व्हय! म्हणून मागल्या साली आधीच दुसऱ्याला हसून घेतलं होतं! वर्षभराचा राग माझ्या जिभेवर आला.

पण मालकांनी उपरणं पुढं केलं, अप्पांची मिशी पुसल्यागत. त्याच्याआड लाडू मुठीत चुरला अन् चिमटीचिमटीनं भरवला. मग मांडवाकडं वळून ओरडले, "गेला हो, अख्खा!" टाळ्या पडल्या. मला माझ्याच रागाची लाज वाटली.

अप्पांनी त्यांचा हात धरून ठेवला. हळूच विचारलं, "इवाई, सोडताना लई त्रास होतोय का हो?"

"लई," मालक म्हणाले. "पण मी हाय की."