कृपेला मुंग्या लागल्या

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिने भरले, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं दाटीवाटीनं बसली. आणि जिकडे बघावं तिकडे बाळं. खांद्यावरची, मांडीवरची, दुपट्यात गुंडाळलेली. सगळी एकदम भोकाड पसरून बसलेली. त्या कल्लोळातून वाट काढत पट्टीमाई मंचावर आली. हातात चांदीचं भांडं आणि भांड्यात भिजत पडलेली, पिवळट झालेली एक कापडी पट्टी.

"रडू द्या गं लेकरांना!" ध्वनिक्षेपकातून तिचा आवाज सायीसारखा पसरला. "का रडतात ती? आईची वाट शोधतात! ज्या वाटेनं यायचं ती राहिली बाजूला. सुरीनं भिंत फोडली आणि लेकराला खिडकीतून आत घेतलं. मग घर त्याला आपलं म्हणेल का? वाटेत आई लेकराच्या तोंडात आपले जंतू घालते. चांगले जंतू! परदेशातले शास्त्रज्ञ आता कुठे डोळे चोळत उठलेत, मी कधीची सांगतेय. ही मायपट्टी आपोआप बाळंत झालेल्या कितीतरी आयांच्या अंगाला लागलेली आहे. हिला आजवर धुतलेलं नाही. आगीत घाला, उकळत्या पाण्यात घाला, हिची माया जायची नाही!"

रांगेत उभ्या असलेल्या शिवणवालीनं छातीशी धरलेल्या मुलाला आणखी घट्ट धरलं. ती शाळेचे गणवेश शिवायची, म्हणून गल्लीत सगळे तिला शिवणवालीच म्हणत. बाळाचे ठोके मंदावले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी धावपळ करून ऑपरेशन केलं होतं. मुलगा हाती लागला. पण घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, "तुला काय बाई, कळा नाहीत की काही नाही, आयतं मिळालं!" शेजारीण हसत म्हणाली, शिवणवालीही हसली. पण ते वाक्य टाक्यांपेक्षा जास्त दुखत राहिलं.

"पुढे सरक गं," सासूबाई मागून म्हणाल्या. "देवानं दार उघडलंय, तू उंबऱ्यावर कसली थांबतेस?"

सासूबाई मनानं लोण्यासारख्या. कीर्तनाला बसल्या की रडून पदर भिजवतील. नातवाचं पोट दुखतं म्हणून त्याला घेऊन येरझाऱ्या घालून त्यांचे पाय सुजले होते. त्यांच्या डोळ्यांतल्या आशेला नाही म्हणायचं बळ शिवणवालीत नव्हतं.

पट्टीमाईनं पट्टी पिळली न पिळली आणि बाळाच्या तोंडात धरली. बाळानं एकदा हुंदका दिला, जीभ हलवली, चोखलं. आणि गप्प! सभागृहानं श्वास सोडला. सासूबाईंनी तिथल्या तिथे जमिनीला डोकं टेकलं.

पट्टीचा एक तुकडा आणि भांड्यातल्या पाण्याची, म्हणजे मायजळाची, बाटली हातात देत पट्टीमाई हळूच म्हणाली, "रोज यात भिजवून चोखायला दे. आणि अंगावर पाजू नकोस. ऑपरेशनच्या औषधांनी तुझं दूध नासलंय. मी सांगेपर्यंत काढून टाकायचं."

"सगळं?" शिवणवालीनं विचारलं.

"लेकरू हवंय ना?"



त्या दिवसापासून ती न्हाणीघरात दार लावून उभी राहायची आणि दूध पिळून मोरीत सोडायची. बाहेर बाळाला डब्यातल्या पावडरीचं दूध मिळायचं. सुरुवातीला ते रडलं. मग मायजळ चोखून झोपायला लागलं. दिवसा झोपायचं, रात्री झोपायचं, बाटली तोंडात धरली तरी झोपायचं.

"बघ, कसं शहाण्यासारखं निजतंय!" सासूबाई कौतुकानं म्हणायच्या. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. घरात असं मूल झोपणं म्हणजे चमत्कारच, असं सगळ्यांचं एकमत झालं. बाळाचा बाप बस चालवायचा. तो कामावरून आल्यावर पाळण्यापाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "फारच शांत नाही का वाटत?" बायकांनी त्याला हसून पिटाळलं.

मग एका सकाळी बाळाचं अंग तापलेलं आणि ओठ निळसर दिसले. डॉक्टरीणबाईंनी बाळाला हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. जे जे करता येतं ते त्यांनी केलं. जंतू रक्तात उतरले होते आणि बाळाच्या अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं. संध्याकाळी त्या बाहेर आल्या. बाळ गेलं होतं. शिवणवालीच्या अंगावरचा कपडा दुधानं ओला झाला होता आणि ते प्यायला कुणी नव्हतं.

पट्टीमाईचा निरोप आला, "शस्त्राचं बाळ. आईनं मन लावून पथ्य पाळलं नसेल."

गल्लीला ते पटलं. सर्वांत आधी ते शिवणवालीला पटलं.

पाळणा काढायला तिनं कुणाला हात लावू दिला नाही. पट्टीचा तो तुकडा तिनं रिकाम्या पाळण्यात उशीखाली तसाच ठेवला. एक दिवस बघते तर पाळण्याच्या दोरीवरून मुंग्यांची रांग लागलेली. खाली उतरून, उशीखाली शिरून, थेट पट्टीवर.

"अमृतच ते," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मुक्या जिवांनाही कळतं."

शिवणवालीनं उशी उचलून पाहिलं. मग म्हणाली, "आई, कृपेला मुंग्या लागतात का हो?"

तिनं तुकडा आणि उरलेली बाटली पिशवीत घातली आणि दवाखाना गाठला. पण डॉक्टरीणबाईंपुढे बसल्यावर तिच्या तोंडून भलतंच निघालं. "शेवटच्या दिवशी मी हे त्याला चोखायला द्यायला विसरले. दिलं असतं तर राहिला असता का?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. बाटलीचं बूच उघडून वास घेतला आणि दोन्ही वस्तू तपासायला पाठवल्या. काही दिवसांनी त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि दार लावून समोर न बसता शेजारी बसल्या.

"पाण्यात साखर आहे. गोड लागलं की तान्हं बाळ रडायचं थांबतं, कुणाचंही. त्यात सर्दीचं औषध आहे, मोठ्यांचं, झोप आणणारं. म्हणून तो निजायचा. निजला म्हणून प्यायचा नाही. आणि पट्टीत जंतू आहेत, तिच्या म्हणण्यासारखेच. फक्त ते या तोंडातून त्या तोंडात गेलेले, आजाराचे. तुझ्या बाळाच्या रक्तात सापडले तेच."

"पण ती वाटेचे जंतू म्हणाली ते?"

"त्यातलं थोडं खरं आहे, म्हणून तर ते विकलं जातं. ऑपरेशननं झालेल्या बाळाच्या पोटातले जंतू सुरुवातीला जरा वेगळे असतात. पुढे पुष्कळसे जुळून येतात. त्यानं पुढे तब्येतीवर किती फरक पडतो, ते अजून शोधतायत. पण त्यांना आधार कशाचा, ते माहीत आहे. आईचं दूध. आईच्या अंगाचा स्पर्श." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "त्या सुरीनं त्याला वाचवलं होतं, बाई. आणि त्याला हवं होतं ते सगळं तुझ्यापाशी होतं."

"मी ते मोरीत ओतलं," शिवणवाली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आरोग्य खात्याला कळवलं. पण खात्याची गाडी निघायच्या आत पट्टीमाईची पुढची सभा भरली. पुन्हा तेच सभागृह, तीच बाळं, तोच सायीचा आवाज. "आगीत घाला, उकळत्या पाण्यात घाला…"

"घालू या की," मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वळून पाहिलं. शिवणवाली उभी होती, शेजारी डॉक्टरीणबाई आणि मागे, आता सगळं कळलेल्या, सासूबाई.

"तुझं दुःख मी समजते, लेकी…"

"लेकी म्हणू नका. उकळत्या पाण्यात माया जात नाही, असं तुम्हीच म्हणालात. मागे चहाची शेगडी आहे. आज पट्टी उकळून घ्या, मग लावा. देवाची कृपा पाण्याला भिते का?"

सभागृहात हसू पसरलं. भाविकच होते सगळे, त्यांना तर माईचा विजयच बघायचा होता. "उकळा, उकळा! होऊन जाऊ दे!" पट्टीमाई म्हणाली, "मुहूर्त नाही." कुणीतरी ओरडलं, "चहाला मुहूर्त लागत नाही, माई!" आता मागे फिरणं तिला शक्य नव्हतं.

पट्टी स्वच्छ पाण्यात खळखळून उकळली. पाणी गढूळ झालं, ते सगळ्यांनी पाहिलं. पट्टी निवल्यावर डॉक्टरीणबाईंनी ती रांगेतल्या पहिल्या बाळाच्या ओठांना लावली. बाळानं चोखलं.  बाळानं तोंड वाकडं केलं, पट्टी थुंकली आणि असा टाहो फोडला की ध्वनिक्षेपक शिट्टी मारायला लागला.

"भांड्यात बुडवा! मायजळात!" पट्टीमाईच्या तोंडून निसटलं.

"म्हणजे माया पट्टीत नाही, भांड्यात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि भांड्यात काय आहे ते त्यांनी नीट, सावकाश सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही. आया आपापल्या झोपलेल्या बाळांना हलवून उठवायला लागल्या. "ऊठ रे, रड रे," म्हणत.

बाळ रडतच होतं. त्याची आई भांबावली होती. "आता मी काय करू?"

"पाज त्याला," शिवणवाली म्हणाली. "कपडा बाजूला कर, अंगाला अंग लागू दे. दूध नासलेलं नाही तुझं. दुखलंखुपलं तर यांच्याकडे जा." तिनं डॉक्टरीणबाईंकडे बोट केलं. "आणि बाळ फार शांत झालं तरीही जा. आम्ही शांततेलाच नमस्कार करत बसलो."

बाळ आईच्या छातीला लागलं आणि रडणं थांबलं. त्या रडण्यानं शिवणवालीच्या छातीत मात्र कळ आली आणि कपड्यावर ओल पसरली. इतक्या दिवसांनीही देहाला वाटलं, आपलंच हाक मारतंय. सासूबाईंनी आपला पदर तिच्या अंगावर ओढला आणि तिला भिंतीकडे वळवून उभं केलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या, बाहेर खात्याची गाडी येऊन थांबली तरी.

देवावर भाव ठेवा, जरूर ठेवा, बाबांनो. पण लेकराच्या तोंडात काही घालायच्या आधी त्यात काय आहे, ते विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो माणूस असतो, आणि तिथून बाळ उचलून घरी यावं.