विहिरीतली खोली

देविका वेलकरने ‘कासामारू’ पहिल्यांदा खेळला तो एकतिसाव्या वर्षी, आणि तेही ऑफिसचं काम म्हणून. गिरगावातल्या त्यांच्या घरात बुद्धिबळाचा पट होता, कॅरम होता, पण टीव्ही गेम कधी आला नाही. आता मात्र तिची नोकरीच त्यावर होती. चिंचपोकळीच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिचा स्टुडिओ होता, आणि ओसाकाच्या मिनाझुकी या कंपनीने आपले जुने, टीव्हीला मशीन जोडून खेळायचे गेम मोबाईलवर आणायचं काम त्यांच्याकडे सोपवलं होतं. पहिला नंबर कासामारूचा. हातात छत्री घेतलेला एक मुलगा. उंचावरून उडी मारायची, बटण दाबून धरायचं, की छत्री उघडते आणि तो वाऱ्यावर तरंगत खाली येतो.

कंपनीची अट सरळ होती : गेम जसा होता तसाच आला पाहिजे. ऐकायला सोपं, करायला कठीण. जुन्या मशीनवर बोटं बटणांवर असायची आणि डोळे टीव्हीवर. मोबाईलवर बटणं नाहीत, नुसती काच. छत्री उघडायला अंगठा ठेवावा, तर मुलगाच अंगठ्याखाली झाकला जायचा. देविकाने बरेच प्रकार करून पाहिले आणि शेवटी बटणाचं चित्रच काढून टाकलं. स्क्रीनच्या डाव्या भागात कुठेही बोट ठेवा, छत्री उघडेल.

“आता लहानपणी खेळलेल्या माणसांना देऊन बघू,” ती म्हणाली. “त्यांचा हात काय सांगतो ते कळेल.”

टेस्टिंगचं काम बघणारा स्वप्नील परब लालबागचा. त्याने शनिवारी आपल्याच चाळीतली माणसं गोळा केली. त्यात त्याचा मावसभाऊ राहुल होता आणि दर्शनाताई होती. दर्शनाताई दादरच्या एका शाळेत गणित शिकवायची. बोलायला मोकळी, पण मोबाईल हातात आल्यावर अगदी गप्प झाली.

“हा आमचा छत्रीवाला,” ती एवढंच म्हणाली, आणि खेळायला लागली.

तिसऱ्या लेव्हलमध्ये एक विहीर होती. तिच्यावरून उडी मारून पलीकडे जायचं. राहुल तिथे थांबला, मागे वळला आणि विहिरीच्या कठड्याला धडका मारू लागला. देविकाला वाटलं, कंट्रोल बिघडले. मग दर्शनाताईची पाळी आली. तीही तिथेच थांबली, मागे वळली, त्याच कठड्यावर तिने मुलाला आपटलं.

“अरे, पायऱ्या कुठे गेल्या?” तिने विचारलं.

“कसल्या पायऱ्या?”

“विहिरीत उतरायच्या. इथून आत जायचं ना.”

“हां, खाली खोली होती,” राहुल म्हणाला. “काय रे स्वप्न्या, ती उडवली का तुम्ही?”

देविकाने मूळ गेम उघडून दाखवला. विहीर होती, पायऱ्या नव्हत्या. दर्शनाताईने चष्मा वर करून स्क्रीन जवळून पाहिला. “मी तिथे बसलेय गं,” ती म्हणाली. “असं कसं नाही?”

देविकाने मिनाझुकीला मेल केला. उत्तर आलं, नम्र आणि स्पष्ट : मूळ गेममध्ये अशी कोणतीही जागा नाही. त्या काळी आशियात गेमच्या नकली कॅसेटी खूप होत्या, त्यात कोणी फेरफार केला असावा.

स्टुडिओचा प्रमुख सिद्धार्थ म्हणाला, “झालं तर मग. पुढे चला.”

पण देविकाच्या डोक्यातून ते जाईना. नकली कॅसेट काढणाऱ्याला पटापट माल खपवायचा असतो. तो हत्यारं वाढवेल, जीव वाढवेल. जिथे काहीच नाही अशी खोली तो मेहनत करून कशाला बांधेल? तिने गिरगावातल्या मित्रमैत्रिणींना विचारलं. छत्रीवाला बऱ्याच जणांना आठवत होता, विहिरीतली खोली एकालाही नाही. म्हणजे ती फक्त या दोन-चार गल्ल्यांमधल्या मुलांनीच पाहिली होती.

तिने दर्शनाताईला फोन केला. “ताई, तुम्ही हा गेम खेळायचात कुठे?”

“मनूकाकांकडे. चिंचपोकळीला त्यांच्या बहिणीच्या घरी, बाहेरच्या खोलीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. सुट्टीत मुलं नुसती भरलेली असायची. मुलगी मी एकटीच.”

“आणि त्या खोलीत काय होतं?”

दर्शनाताई हसली. “काहीच नाही. एक म्हातारी बसलेली असायची, वाऱ्याचा आवाज यायचा, आणि स्क्रीनवरचं वेळेचं घड्याळ थांबायचं. शत्रू नाही, काटे नाहीत. आमच्याकडे नियम होता, मेलं की रिमोट पुढच्याच्या हातात. मला तर मुलं धड खेळूच द्यायची नाहीत, मागून धक्के मारायची. मग मी काय करायचे, सरळ विहिरीत उतरायचे. तिथे मरणच नाही! बसायचे आरामात. रिमोट माझ्याकडेच.”

“आणि मुलं?”

“बोंबलायची. शेवटी मनूकाकांना भिंतीवर लिहावं लागलं, विहिरीत बसू नये.”

मनूकाकांचा पत्ता राहुलने शोधून काढला. ते वरळीला मुलीकडे राहत होते. केस पांढरे झालेले, आवाज मात्र अजून गल्लीभर ऐकू जाईल असा. देविका आणि दर्शनाताई रविवारी सकाळी गेल्या, तेव्हा ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. दर्शनाताईला त्यांनी लगेच ओळखलं.

“विहिरीतली पोरगी! अजून वर आलीस की नाय?”

कॅसेटबद्दल विचारल्यावर ते आठवू लागले. “ती आलेली रे रोड स्टेशनच्या बाजूने. गोदीत माझा एक दोस्त होता, बोटीवरच्या माणसांकडून रेडिओ, घड्याळं असलं काय काय घ्यायचा. त्यात ही आली. वर चित्र नाय, नाव नाय, नुसता काळा डबा. मला वाटलं बंद असेल. लावली तर छत्रीवाला!”

“ती आता कुठे आहे?”

“बाकीच्या सगळ्या भंगारात गेल्या. पण ही मशीनमध्ये अडकलेली, निघायचीच नाय. मशीन सुभद्राकडे असेल बघ.”

सुभद्राबाई, मनूकाकांची बहीण, अजून त्याच चिंचपोकळीच्या खोलीत राहत होत्या. पार्लरच्या जागी आता सोफा आणि शिवणयंत्र होतं. त्यांनी दोघींना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि वर बोट दाखवलं. “ता डबडा माळ्यार आसा. पण काढतलो कोण?”

देविका ओट्यावर पाय देऊन चढली. गणपतीच्या सजावटीचे पुठ्ठे, एक मोडका पंखा, पितळेची भांडी, आणि त्यांच्यामागे चादरीत गुंडाळलेलं मशीन. खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत थर्माकोलचे दाणे अडकले होते आणि ती लहान मुलीसारखी हसत होती. सुभद्राबाई म्हणाल्या, “घेवन जा गो. माझो माळो रिकामो होतलो.”

मशीन मेलेलंच होतं. स्वप्नीलने ते उघडून कॅसेट हळूच सोडवली, तिच्या तळाचे गंजलेले धातूचे दात खोडरबरने घासले, स्पिरिटने पुसले. मग सवयीने फुंकर मारायला तोंड जवळ नेलं.

“फुंकू नकोस रे, थुंकी जाते!” दर्शनाताई ओरडली. शाळा सुटल्यावर ती दादरहून थेट स्टुडिओत आली होती.

स्टुडिओतल्या चालू मशीनमध्ये कॅसेट लावली, तर पहिल्यांदा स्क्रीनवर नुसते रंगीत चौकोन आले. दुसऱ्यांदाही तेच. स्वप्नीलने दात पुन्हा पुसले, आणि मग संगीत वाजलं. दर्शनाताईने रिमोट घेतला. तिसरी लेव्हल, विहीर. ती मागे वळली. कठड्यात पायऱ्या होत्या. छत्रीवाला एकेक पायरी उतरत खाली गेला, आणि वरचं घड्याळ थांबलं. दगडी खोली, कोपऱ्यात एक म्हातारी पाठमोरी बसलेली, आणि स्पीकरमधून वाऱ्यासारखा बारीक आवाज.

देविकाने व्हिडिओ काढला आणि ओसाकाला पाठवला.

या वेळी उत्तर यायला वेळ लागला, आणि ते मेलने आलं नाही. कंपनीने व्हिडिओ कॉल ठरवला. त्यावर दुभाषी होता, एक अधिकारी होता, आणि होरिए नावाच्या एक वयस्क बाई होत्या. कासामारू मुळात त्यांनी काढला होता. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, फक्त यासाठी त्या ऑफिसात आल्या होत्या.

“ही खोली माझी आहे,” त्या दुभाष्यामार्फत म्हणाल्या. “गेम बाजारात यायच्या आधी आम्ही दुकानदारांना दाखवायला काही कॅसेटी पाठवल्या होत्या. त्यात ती होती. नंतर साहेब म्हणाले, जिथे काहीच घडत नाही, ती जागा गेममध्ये कशाला? मग काढावी लागली. त्यातलीच एखादी कॅसेट कुठून कुठे गेली असेल, मला माहीत नाही. आमच्याकडे एकही उरलेली नाही.”

मग त्यांनी एक प्रश्न विचारला. “तिथे कोणी थांबायचं का?”

देविकाने कॅमेरा दर्शनाताईकडे वळवला. दर्शनाताई क्षणभर बावरली. वर्गात पन्नास पोरांना दटावणारी बाई, पण हिंदीत बोलावं की इंग्रजीत तेच तिला कळेना. शेवटी मराठीतच म्हणाली, “मी थांबायचे. आई बोलवायला येईपर्यंत. सगळ्या पार्लरमध्ये माझी हक्काची तेवढीच जागा होती. त्या म्हातारीला आम्ही नावसुद्धा ठेवलं होतं, जाईबाई.”

देविकाने ते इंग्रजीत सांगितलं, दुभाष्याने जपानीत. होरिएबाईंनी ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. “मी तिला नाव दिलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसू लागल्या.

खोली परत आणायचं ठरलं. पण होरिएबाईंना कॅसेटमधली खोली जशीच्या तशी नको होती. पायऱ्या चुकल्यात, घाईत काढल्या होत्या, म्हणाल्या. त्यांनी त्या नव्याने काढून पाठवल्या. देविकाने काचेवर बोट कसं राहील ते जुळवलं : खोलीत शिरल्यावर बोट उचललं तरी चालेल, मुलगा आपला आपण म्हातारीशेजारी बसेल.

अडचण सिद्धार्थची होती. त्याने आकडे काढले होते. “लोक तिथे बसणार म्हणतेस. म्हणजे बघायला मोकळे. जाहिरात लावायला याच्याहून चांगली जागा नाही.”

“तिथे जाहिरात लावली की ती जागाच उरत नाही,” देविका म्हणाली.

“अगं, पण नुसतं बसून काय मिळणार कोणाला?”

“तेच तर मला बघायचंय.”

“बघायचंय म्हणून धंदा होत नाही, देविका.”

ती वाद घालत बसली नाही. तिने दोन्ही बाजू जशाच्या तशा लिहून ओसाकाला पाठवल्या. चार ओळींचं उत्तर आलं. त्या खोलीत घड्याळ नको, जाहिरात नको, आवाज फक्त वाऱ्याचा. आणि गेमच्या शेवटी जी नावं येतात, त्यात म्हातारीचं नाव जाईबाई असं टाकावं. सिद्धार्थने मेल दोनदा वाचला, खांदे उडवले आणि म्हणाला, “ठीक आहे. पण दुसऱ्या गेममध्ये मी सांगेन ते.”

गेम आला. काहींनी लिहिलं, विहिरीत वेळ फुकट जातो, काहीच मिळत नाही. काहींनी काही लिहिलं नाही, पण स्टुडिओतल्या आकड्यांत दिसत होतं, की लोक तिथे उतरून बराच वेळ वर येत नाहीत. का येत नाहीत, हे आकड्यांत दिसत नव्हतं. देविका कधीकधी दुपारच्या जेवणानंतर तो तक्ता उघडून नुसता पाहत बसायची.

एका रविवारी ती आणि दर्शनाताई पुन्हा वरळीला गेल्या. दर्शनाताईने मनूकाकांना मोबाईल दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

“मी कधी खेळलोच नाय गो,” ते म्हणाले.

“काय सांगता काका! तुमचंच तर पार्लर.”

“पोरांवर लक्ष ठेवायचं, की खेळायचं? कोण कोणाला मारतोय, कोण वायर ओढतोय. ह्या विहिरीवरून एवढी भांडणं सोडवली, पण खाली काय आहे ते कधी बघितलंच नाय.”

दर्शनाताईने मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांचे अंगठे जाड, छत्री नको तिथे उघडायची. छत्रीवाला काट्यांवर पडला, पाण्यात पडला, एकदा पक्ष्याने उचलून नेला. “हा साला ऐकत नाय,” ते म्हणायचे आणि पुन्हा सुरू करायचे. चहा आला, निवला. शेवटी एकदाचे ते विहिरीपाशी पोचले. दर्शनाताईने सांगितलं तसे मागे वळले आणि खाली उतरले.

“आता?”

“आता काही नाही. बोट काढा.”

मनूकाकांनी बोट काढलं. छत्रीवाला जाऊन म्हातारीशेजारी बसला. त्यांनी मोबाईल कानाशी नेऊन वाऱ्याचा आवाज ऐकला, मग पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

“ही कोण?”

“आम्ही तिला जाईबाई म्हणायचो.”

“कुठली जाईबाई? आपली नाक्यावरची, बोंबीलवाली?”

“हो. तीसुद्धा अशीच पाठ करून बसायची ना, भिंतीकडे तोंड करून.”

मनूकाका मोठ्याने हसले, इतके की आतून त्यांची मुलगी बघायला आली. “ऊन लागायचं म्हणून बसायची ती तशी! गिऱ्हाईक आलं तरी वळायची नाय.” मग त्यांनी मोबाईल पुन्हा जवळ धरला. “तिला सांगायला पाहिजे होतं तेव्हा. खूश झाली असती.”

“काका, ती राहायची कुठे?” देविकाने विचारलं. “तिचं कोणी असेल ना अजून, हे दाखवायला?”

“मुलगा होता एक. लालबागलाच कुठेतरी,” मनूकाका म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून घेत आठवू लागले.