विदाद दिदींची सही

"पवित्रा, हे बीट नाही. रक्त आहे."

विदाद दिदी बाथरूमचं दार अर्धवट लोटून उभ्या होत्या. हातमोजे तसेच हातात, आवाज मला ऐकू येईल एवढाच. आत धनमाया बज्यै, म्हणजे धनमाया आजी, तोंड भिंतीकडे करून बसल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "दुपारी बीटाची कोशिंबीर खाल्ली गं. बीटच ते."

"पाळी जाऊन किती वर्षं झाली, विचार त्यांना," दिदी म्हणाल्या.

मी आमच्या नेपाळीत विचारलं. बज्यैंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझीच शरम वाटली. "वीस झाली असतील. नातीच्या वयाची तू, काय विचारतेस हे?"

दिदींनी मला बाहेर घेतलं. "या वयात अंगावरून जायला लागलं, की कॅन्सर धरूनच चालायचं. नाही असं सिद्ध झालं तर आनंदच. या आठवड्यात तपासणी व्हायला हवी."

"दिदी, फॉर्मवर काय दिसलं तेवढं लिहा," मी म्हटलं. "काय आहे ते लिहू नका."

आमचं दिनगृह अमेरिकेतल्या इरी शहराच्या पूर्व भागात आहे, पूर्वी टायरांचं दुकान होतं त्या जागेत. सकाळी सातपासून आमच्या दोन व्हॅन घरोघर फिरून भूतानातून हाकललेल्या, नेपाळी बोलणाऱ्या आमच्या भूतानी म्हाताऱ्यांना गोळा करतात. दाळभात, भजन, रक्तदाब, दुपारची झोप, आणि तीनला परत घरी. मालक माझे थोरले दीर, तुलसी दाजू. व्यवस्थापक मी. नेपाळातल्या बेलडांगीच्या निर्वासित छावणीतल्या बांबूच्या शाळेत मी दहावी झाले, त्यापुढचा कुठलाही कागद माझ्याकडे नाही. विदाद दिदी बगदादच्या सरकारी इस्पितळात एकोणीस वर्षं बायकांच्या डॉक्टर होत्या. इथे माझ्या हाताखाली त्या म्हाताऱ्यांना संडासला नेत, भरवत, त्यांची नखं कापत.

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर सगळ्या परीक्षा पुन्हा, आणि मग पोरासोरांबरोबर तीन-चार वर्षं इस्पितळात उमेदवारी. दिदी आल्या तेव्हाच पन्नाशीच्या होत्या. पहिली परीक्षा पास झाल्या. दुसरीच्या महिन्यात नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला. नवरा हैथम, पाटबंधारे खात्यातला मोठा अभियंता. आल्या आल्या पुनर्वसनवाल्यांनी त्यांना हॉटेलात भांडी घासायचं काम देऊ केलं, तेव्हा त्यांनी दुभाष्याला तीनदा विचारलं होतं म्हणे, तू नीट भाषांतर करतोयस ना? त्यानंतर ते खिडकीशी बसले ते बसलेच.

आमचं उलट. सात माणसं एका घरात. चौघांनी प्लास्टिकच्या कारखान्यात दिवसपाळी आणि रातपाळी वाटून घेतली. गाडी एकच, तिची चावी आम्ही दारात एकमेकांच्या हातात द्यायचो. चौथ्या वर्षी घर झालं, सातव्या वर्षी दाजूंनी दिनगृह काढलं. अठरा वर्षं छावणीत रांगेत उभं राहून तांदूळ घेतलेल्या माणसाला कुठलंही काम वरचंच वाटतं. भांडी घासायला आमच्यातला एकही जण नाही म्हणाला नाही. त्याचं कौतुक इथले गोरे लोक फार करतात. सुरुवातीला मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

त्या दिवशी तीनला व्हॅन बज्यैंच्या दारात गेली, तेव्हा दिदी सोबत होत्या. चार नेपाळी शब्द त्या शिकल्या होत्या. बज्यैंच्या सुनेला त्यांनी तेवढ्यातच सांगितलं: आमा, रगत, डॉक्टर, छिटो, म्हणजे लवकर. आणि तिला कळेना म्हणून शेवटी पाचवा शब्द, जो सगळ्या भाषांत सारखाच आहे.

सकाळी बज्यैंचा मुलगा खगेंद्र दाजूंच्या खोलीत.

"तुमची संडास धुणारी बाई माझ्या आईला कॅन्सर झाला म्हणून सांगते? आई काल जेवली नाही. असलं काही चालणार असेल तर आईला मी पलीकडच्या दिनगृहात घालतो. माझ्या दोन्ही मावश्याही जातील."

"अरे, बस रे, चहा घे," दाजू म्हणाले. चहा पिऊन तो गेल्यावर दाजू माझ्याकडे वळले. "ही बगदादी कोण समजते स्वतःला?"

"डॉक्टर आहेत त्या, दाजू."

"होती! मीपण भूतानात सुपारीच्या बागेचा मालक होतो. जाऊ का मागायला? लिहून घे तिच्याकडून. आजच."

मी टाइप केलं. तीन ओळी होत्या. मी या संस्थेत मदतनीस आहे. मी डॉक्टर नाही. मी कुणाशीही आजाराविषयी बोलणार नाही.

दिदींनी चष्मा लावून वाचलं. माझ्या टेबलावरचं पेन घेऊन त्यांनी आधी माझ्या इंग्रजीतली एक चूक दुरुस्त केली. मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"'मी इथे डॉक्टर नाही' असं लिही. 'इथे' राहिलंय."

"दाजूंनी मजकूर बघितलाय, दिदी."

"एक शब्द आहे, पवित्रा."

मी दाराकडे बघितलं. दार उघडं होतं आणि दाजू बाहेर कुणाशी तरी मोठ्यानं फोनवर बोलत होते. तो शब्द घालायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी म्हटलं, "राहू दे ना, त्यानं काय फरक पडतो?"

त्यांनी सही केली. आधी त्यांच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, मग खाली इंग्रजीत. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "दिलबहादुर आजोबांचं दूध गार होत असेल."

मी अगदीच गप्प बसले असंही नाही. खगेंद्रला फोन केला. "नेतो, नेतो," तो म्हणाला, "सुट्टी मिळू दे." बज्यैंना बाजूला घेऊन विचारलं, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "रक्त कुठलं ते सुनेला अजून कळलेलं नाही. विटाळ आहे म्हणून कळलं, तर देवापाशी दिवा लावू देईल का ती मला? दिवसभरात माझं म्हणून तेवढंच काम उरलंय गं. डॉक्टरला मी मेल्यावर दाखवा." मी हसले. त्याही हसल्या. आणि मी ते तिथंच सोडलं.

नोव्हेंबरात विद्यापीठाची माणसं आली. भूतानी आणि इराकी कुटुंबांची तुलना करायची होती त्यांना: कुणाची घरं झाली, कुणाची मुलं शिकली, कोण मागे राहिलं आणि का. दाजूंनी नवं टेबलक्लॉथ अंथरलं. आमच्याकडे इराकी म्हणजे एकट्या दिदीच, म्हणून त्यांनाही माझ्या खोलीत बोलावलं. प्रश्न विचारणारी मुलगी गोड होती.

"अडीअडचणीला तुम्ही किती घरांचं दार वाजवू शकता?" तिनं मला विचारलं.

"चाळीस तरी," मी म्हटलं.

"आणि तुम्ही?"

दिदींनी विचार केला. "एक. आमच्या खाली कपडे धुवायचं दुकान आहे, तिथली बाई. ती पोर्तो रिकोची."

"पण शहरात इराकी कुटुंबं बरीच आहेत ना?"

"कोण कुठल्या मोहल्ल्यातून आलं, शिया की सुन्नी, हे विचारल्याशिवाय आम्ही एकमेकांकडे चहा पीत नाही," दिदी म्हणाल्या. "आणि विचारल्यावर पिववत नाही."

मुलीनं ते लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या शिक्षणाचा सध्याच्या नोकरीत कितपत उपयोग होतो? एक ते पाचमध्ये सांगा."

"दिसतं मला सगळं. त्याला उपयोग धरायचं का?"

मुलीला हसावं की नाही ते कळलं नाही. तिनं तीनवर खूण केली.

शेवटी ती माझ्याकडे वळली. भूतानी लोक इतक्या लवकर कसे पुढे आले? हे उत्तर मला पाठ होतं, चर्चमध्ये, महापौरांपुढे, सगळीकडे देऊन झालं होतं. "आम्ही एकत्र राहतो," मी म्हटलं. "आमच्या म्हाताऱ्या माणसांची काळजी आम्ही स्वतः घेतो." पलीकडच्या दालनात बज्यै आरामखुर्चीत झोपल्या होत्या, अंगाखाली चारपदरी फडकं घालून. दिदी माझ्याकडे बघत नव्हत्या. हातातला रिकामा कप त्या बशीत नीट बसवत होत्या.

फेब्रुवारीत बज्यै स्वयंपाकघरात पडल्या. रुग्णवाहिका आली. तिसऱ्या दिवशी इस्पितळातून कळलं की गर्भाशयातून सुरू होऊन रोग फुप्फुसांपर्यंत गेलाय, आता करण्यासारखं फार काही नाही, घरी न्या.

मी दिदींना कपड्यांच्या खोलीत गाठलं. त्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या.

"तुम्ही पुन्हा का नाही सांगितलंत?"

"कुणाला?"

"मला!"

"तुला सांगितलं होतं."

"एकदा! पुन्हा सांगायचं होतं, ओरडायचं होतं माझ्यावर."

त्यांनी हातातल्या टॉवेलाची घडी पुरी केली. "मी रोज लिहीत होते. दिसलं तेवढंच. तूच म्हणाली होतीस."

ऑक्टोबरात पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच गर्भाशय काढलं असतं तर वाचल्या असत्या का, हेही मी विचारलं. "कदाचित," त्या म्हणाल्या. "बगदादमध्ये मी अशा बायका घरी पाठवल्यात, चालत. अशा पुरल्यातही. आता कोण सांगणार?"

खोलीत येऊन मी बज्यैंची फाइल काढली. रोजचा एक फॉर्म, सुवाच्य अक्षर. लाल डाग. लाल डाग, कालच्यापेक्षा जास्त. पाठ दुखते म्हणतात. जेवण अर्धं. लाल डाग. वजन कमी. जिना चढताना धाप. एकूण त्रेसष्ट फॉर्म, आणि प्रत्येकाच्या तळाशी, वाचून मान्य केलं म्हणून, माझी सही. त्यातला एकही मी वाचला नव्हता.

बज्यैंनी घरी गेल्यावर बगदादीला बोलवा म्हणून धोशा लावला. एका रविवारी मी दिदींना घेऊन गेले. दारात पंचवीस-तीस चपला-बुटांचा ढीग. ओहायोहून भाचे आले होते, टेक्सासहून जावई. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खगेंद्र पुढे आला. त्या बाईला काय म्हणायचं हे त्याला सुचेना.

"या," तो म्हणाला. मग खाली बघून, "या, डॉक्टर."

दिदींनी मान हलवली, कोट काढून त्याच्या हातात दिला आणि सरळ आत गेल्या. बज्यैंचं पोट, पाय, जीभ बघितली. कुशीवर कसं वळवायचं, उशी गुडघ्यांत कशी द्यायची हे सुनेकडून दोनदा करून घेतलं. "दुखायला लागल्यावर औषध द्यायचं नाही. आधी द्यायचं. घड्याळ लावून." सून रडायला लागली तर म्हणाल्या, "नंतर. आधी उशी."

बज्यैंनी आम्हा दोघींना जवळ ओढून हळूच काहीतरी सांगितलं. दिदींनी माझ्याकडे बघितलं.

"त्या म्हणतायत," मी इंग्रजीत म्हटलं, "शेवटपर्यंत दिवा मीच लावत होते. कुणाला पत्ता लागू दिला नाही."

दिदींनी त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले. "चांगलं केलंत," त्या त्यांच्या मोडक्या नेपाळीत म्हणाल्या.

बज्यै अकरा दिवसांनी गेल्या.

तेरावा होईपर्यंत विद्यापीठाचा अहवाल छापून आला. मुखपृष्ठावर आमच्या दिनगृहाचा फोटो, मध्ये दाजू, शेजारी मी. आत तक्ते होते, जवळजवळ सगळ्यात आम्ही वर. इराकी लोकांच्या पानावर 'आपापल्या क्षेत्रात नोकरी मिळालेले' असा एक रकाना होता, त्यात आरोग्यसेवेपुढे एक आकडा होता. छोटासाच. त्यातल्या एक दिदी होत्या, याबद्दल मला शंका नाही. दाजूंनी मुखपृष्ठ चौकटीत बसवून दर्शनी भिंतीवर लावलं. मी त्यांना विचारलं, कपाटातला तो तीन ओळींचा कागद दिदींना परत देऊ का? ते म्हणाले, "ठेव गं, विमावाले विचारतात." मी ठेवला.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले. दालनात एक पांढरा फळा आहे, कुणी काय काम करायचं ते मी त्यावर रोज लिहिते. बाकीची नावं लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीत मी लिहिलं: डॉ. विदाद – बाथरूम दोन, जेवण भरवणं. लिहून झाल्यावर मागे होऊन मी ती ओळ वाचली आणि मला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं. पण पुसायला माझा हात होईना. आधी एक शब्द घातला नव्हता, आता घातलेला कशी काढू?

पावणेआठला दिदी आल्या. कोट खुंटीला लावला, बुटांवरचं बर्फ झटकलं, चष्मा पुसून फळ्यासमोर उभ्या राहिल्या. बाहेर पहिली व्हॅन लागत होती. ड्रायव्हर दिलबहादुर आजोबांना हाताला धरून उतरवत होता आणि आजोबा त्याच्यावर कशावरून तरी ओरडत होते.

दिदींनी फडकं उचललं. बाकी ओळ पुसली जाऊ नये म्हणून त्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, आणि नावाआधीचं तेवढं अक्षर आणि टिंब हलकेच पुसून टाकलं. मग खोक्यातून मोज्यांची जोडी काढून त्या बाथरूम दोनकडे गेल्या.