नाटकाचा पेपर

चंद्रभागा साळवे नाटकाच्या पेपरात दोनदा आपटली होती. एम. ए. इंग्रजीचे बाकीचे पेपर सुटले, हा एकच मानगुटीवर बसून राहिला. नाशिकच्या सातपूर भागातल्या एका शाळेत ती आठवी-नववीला इंग्रजी शिकवायची. एम. ए. झालं तर अकरावी-बारावीचे वर्ग मिळतील, असं हेडमास्तरांनी बोलून दाखवलं होतं. पण बाहेरून परीक्षा द्यायची म्हणजे वर्ग नाही, प्राध्यापक नाहीत, कुणाला शंका विचारायची सोय नाही. त्यामुळे तिची सगळी भिस्त गाइडवर. भाकरी थापताना, बसची वाट बघताना ती उत्तरं पुटपुटत राहायची. सासू भिमाबाई शेजारणींना सांगायची, आमची सून दिवसभर साहेबाशी बोलते.

उत्तरं तोंडपाठ होती, त्यात खोट नव्हती. खोट अशी की प्रश्न जरा तिरका आला तरी चंद्रभागा पाठ केलेलंच उत्तर सरळ उतरवून मोकळी व्हायची. विचारलेलं एक, लिहिलेलं भलतंच. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तिने मनाशी हिशेब मांडला, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्या नाटकावर ती इतकी पानं लिहीत होती, ते तिने कधी सलग वाचलेलंच नव्हतं.

ब्याऐंशी सालच्या थंडीत ती गावातल्या वाचनालयात नाटक मागायला गेली. प्रत एकच होती, आणि ती खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीच्या हातात होती. ग्रंथपालांनी दोघींकडे बघितलं आणि सुचवलं, इथेच बसून एकत्र वाचा, भांडण नको. ती मुलगी जरा सरकून बसली. जहिदा तिचं नाव. जुन्या नाशकात सायकलचं दुकान असलेल्या हबीबभाईंची ही मुलगी कॉलेजात एम. ए. करत होती आणि तिचीही हीच परीक्षा होती.

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी दोघी वाचनालयाच्या मागच्या ओट्यावर बसू लागल्या. जहिदाची पद्धत चंद्रभागाला आधी खुळचट वाटली. ती एक प्रवेश वाचायची, पुस्तक पालथं घालायची आणि म्हणायची, ताई, आता सांगा काय झालं. गाइडमधली वाक्यं तिथे कामाला येत नसत. कोण आलं, कुणाला काय म्हणालं, का म्हणालं, हे आपल्या शब्दांत सांगावं लागे. चंद्रभागा अडखळायची, चुकायची, मग पुस्तक सुलटं करून बघायची. पण असं चुकत चुकत जे सापडतं, ते पक्कं बसतं, हे तिला महिन्याभरात कळलं. लांबलचक उतारे घोकणंही तिने सोडलं. चार-पाच शब्दांची एखादी ओळ, नेमक्या जागी बसणारी, तेवढीच ती लक्षात ठेवू लागली.

जहिदाचं दुखणं वेगळं होतं. तिला नाटकं इतकी आवडायची की पहिल्याच प्रश्नात ती रंगून जायची आणि शेवटचा प्रश्न कोरा राहायचा. तिथे चंद्रभागातली मास्तरीण जागी झाली. ती घड्याळ काढून समोर ठेवायची आणि वेळ झाली की जहिदाच्या हातातून पेन काढून घ्यायची, वाक्य अर्धं असलं तरी. जहिदा पहिल्यांदा चिडली. नंतर लिहायला घेण्याआधी मुद्दे मांडून घ्यायला शिकली.

नाटक होतं एका बंदरगावच्या न्यायाधीशाचं. चोरटा माल उतरवणारा त्याचा सख्खा भाऊ असतो. भावाला वाचवायला न्यायाधीश एका निरपराध खलाशाला तुरुंगात धाडतो. न्यायाधीशाच्या बायकोला सगळं ठाऊक असतं, तरी ती दोन अंक अवाक्षर काढत नाही. शेवटी न्यायाधीश भर कोर्टात स्वतःच गुन्हा कबूल करतो. गाइडचं म्हणणं असं की ही बायको म्हणजे सोशिकपणाची मूर्ती. चंद्रभागाने तेच सांगितलं, तेव्हा जहिदा उसळली. सोशिक कसली, तीही गुन्ह्यात सामील आहे, असं तिचं म्हणणं. एक माणूस तिकडे सडतोय आणि ही बाई नवऱ्याला चहा देतेय.

चंद्रभागाने तो प्रवेश पुन्हा एकदा चाळला. मग म्हणाली, "ती त्याची वाट बघतेय. तिने सांगितलं, तर त्याला स्वतःहून सांगायची संधीच उरणार नाही."

हे गाइडमध्ये आहे का, असं जहिदाने विचारलं. नाही, चंद्रभागा म्हणाली. आणि कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट तिने त्या ओट्यावर बसून सांगितली.

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा कारभारी ज्या कारखान्यात टर्नर होता, तिथलं एक खातं बंद झालं आणि त्याची नोकरी गेली. त्याने घरी काही सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला परत यायचा. त्याच्या एका सोबत्याच्या बायकोकडून चंद्रभागाला आठवड्यातच सगळं कळलं होतं. तरी ती रोज डबा भरत राहिली. शेवटी एका संध्याकाळी तो खाली मान घालून बसला आणि त्याने सांगितलं, तेव्हा तिने पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवलं. पुढे त्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम लागलं आणि विषय संपला.

जहिदाने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "पण ताई, तुमच्या गोष्टीत खलाशी नव्हता."

हे चंद्रभागाला चांगलंच लागलं. घरी जाताना बसमध्ये ती त्यावरच विचार करत होती. पुढच्या रविवारी तिने कबूल केलं की दोन्ही खरं आहे. त्या बाईच्या गप्प राहण्याने नवरा माणूस म्हणून वाचला, पण त्याची किंमत तिसऱ्याने मोजली. जहिदाला ते इतकं पटलं की तिने तिथल्या तिथे त्यावर मुद्दे काढले, आणि चंद्रभागाने घड्याळ लावलं.

एप्रिलमध्ये गंगापूर रोडवरच्या कॉलेजात पेपर होता. ऊन रणरणत होतं. प्रश्नपत्रिका हातात पडली आणि चंद्रभागाने ती वरपासून खालपर्यंत वाचली. गाइडमधला म्हणावा असा एकही प्रश्न नव्हता. गाइडची पानं डोळ्यांपुढे सरकायला लागली, तशी तिने डोळे मिटले आणि ती दमाने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. दुसराच प्रश्न असा होता की पत्नीच्या मौनाशिवाय शेवटच्या अंकातली कबुली शक्य झाली असती का. तिने प्रश्न दोनदा वाचला. मग मुद्दे मांडले आणि लिहायला सुरुवात केली. वाक्यं तिची स्वतःची होती, एखाददुसरं लंगडंही असेल, पण प्रत्येक वाक्य विचारलेल्या प्रश्नाकडेच तोंड करून होतं. तिने पुरवणी मागितली तेव्हा पर्यवेक्षकांनी वर बघितलंसुद्धा नाही. 

बाहेर जिन्याखाली जहिदा उभी होती. तिने चारही प्रश्न पुरे केले होते आणि ते सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. दोघींनी उसाचा रस घेतला, आणि नाटकाचं नावही काढलं नाही.

कारभारी सायकल घेऊन न्यायला आला होता. चंद्रभागा मागे बसली नाही, चालूया म्हणाली. कडेच्या झाडांच्या सावलीतून जाताना तिने त्याला सगळं सांगून टाकलं. पेपरात काय आलं, आपण काय लिहिलं, आणि ते कुठून सुचलं. कारभारी सायकल धरून थांबला.

"म्हणजे तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मग डबा कशाला भरून देत होतीस?"

"भूक तर लागणारच होती ना."

त्याने हँडलवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, इतकी वर्षं तुला फसवल्याचं मनात सलत होतं, कधी बोलायचं धाडस झालं नाही. कुठे बसायचात दिवसभर, असं तिने विचारलं. सोमेश्वरला, नदीच्या काठी, एका म्हाताऱ्या कोळ्याशी गप्पा मारत, असं त्याने सांगितलं आणि त्या कोळ्याच्या एकेक गमती सांगायला लागला. सातपूरचं घर येईपर्यंत त्या संपल्या नाहीत. सबंध वाटेत सायकलवर कुणीच बसलं नाही.

जूनच्या अखेरीला निकाल लागला. चंद्रभागा पास झाली, नाटकाच्या पेपरात चांगले गुण मिळवून. जहिदाला पहिला वर्ग मिळाला. भिमाबाईने पास म्हणजे काय, पुन्हा परीक्षा नाही ना, एवढंच विचारून घेतलं, आणि नाही म्हटल्यावर सुस्कारा सोडून देवघरासारख्या जपलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीला नवा हार घातला.

दुसऱ्या दिवशी चंद्रभागाला पहाटेच जाग आली. काय पाठ करायचं राहिलंय, हे ती अंथरुणात पडल्या पडल्या आठवू लागली. काहीच राहिलं नव्हतं. तिने पांघरूण डोक्यावर ओढलं आणि कूस बदलली. भिमाबाईने तिला झोपू द्यायला नातवंडांना दटावून बाहेर काढलं आणि चुलीवर चहाचं आधण स्वतःच ठेवलं.