उजवी बाजू

"बाबा, मासा पुन्हा वर आलाय."

माशांच्या टाकीसमोर सून उभी होती. म्हातारा गोल्डफिश पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होता. सकाळी निम्मं पाणी बदललं, तरी तीच रड.

लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात सासऱ्यांचा जन्म गेला होता. टाकीवरची जाळीही त्यांनीच बसवलेली. दिव्याखालच्या त्या खरबरीत जाळीवरून पाणी ओघळायचं, तिच्यावर शेवाळ धरायचं आणि तेच पाण्यातली घाण खायचं. वाढलं की खरवडायचं. एका आठवड्यात डावी बाजू त्यांनी, पुढच्या आठवड्यात उजवी बायकोने. "तुम्ही काय, नुसतं गोंजारता त्याला," असं ती चिडवायची. हिवाळ्यात ती गेली. डावी बाजू ते अजून नेमाने खरवडत होते. उजवीला मात्र त्यांनी हात लावला नव्हता आणि कुणाला लावूही दिला नव्हता.

"उजवीकडचं सडलंय," सून म्हणाली. "काळं पडून पाण्यात गळतंय."

"तिकडे हात लावायचा नाही. सांगितलंय ना एकदा?"

"सांगितलंत, म्हणून इतके दिवस गप्प बसले." ती मागे सरली नाही. "मासाही आईंचाच आहे ना?"

त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कालची पोर, आणि मला शिकवते! ते उठलेच होते, तेवढ्यात मासा एका अंगावर कलंडला. कल्ले हलायचे थांबले, मग कसेबसे पुन्हा हलले.

भिंतीवर दोन खिळ्यांना खरवडायच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांनी धूळ बसलेली पट्टी काढली आणि सुनेपुढे धरली.

"आधी पंप बंद कर. खरवडणं मला नाही जमायचं."

ती खरवडू लागली. ते खाली बादली धरून राहिले, तोंड भिंतीकडे. काळे लगदे पडत होते. प्रत्येक आवाज ते कान देऊन ऐकत होते.

"थांब. सगळं नको काढूस. बुडाशी हिरवं असेल, तेवढं राहू दे."

सुनेने वाकून पाहिलं. "आहे, बाबा."

पंप सुरू झाला. बऱ्याच वेळाने मासा सरळ झाला आणि हळूहळू तळाशी गेला. सुनेने पट्टी धुऊन पुसली.

"कुठे ठेवू?"

"उजव्या खिळ्याला," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला तुलाच लागेल."