कॅन्सरवालीची पोरगी

न्हाणीत लाल पाणी दिसलं तशी अपेक्षा दचकली. मागून आई आली, वच्छलाबाई. तिनं घाईघाईनं बादली ओतली.

"आई, तुही पाळी तं कधीचीच बंद झाली. मंग हे लघवीतून रगत का?"

"उष्णता आहे. दुखत काही नाही. तू तुह्या लग्नाचं पाह्य."

दिग्रसजवळच्या त्या गावात लग्नाची घाई उडाली होती. पापड लाटता लाटता आई बरगडीखाली हात दाबून बसे. कोणी विचारलं की हसे.

लग्न थाटात झालं. पुढं थोड्याच दिवसांत आई खोकल्यानं अंथरुणाला खिळली. यवतमाळच्या डॉक्टरांनी अपेक्षाच्या बापाला, मारोतरावांना, ओळखलं.

"गाठ किडनीतच होती, तेव्हाच ऑपरेशन करा म्हटलं होतं. एका किडनीवर माणूस चांगला जगतो. आता ती फुप्फुसात गेली. औषधांनी काही काळ रोखता येईल, एवढंच."

अपेक्षानं बापाकडं पाहिलं.

"तुह्या मायनंच नाही म्हटलं," मारोतराव पुटपुटले. "कॅन्सरवालीची पोरगी कोन करीन, म्हने."

मरणापेक्षा सोयरिकीचं भय मोठं, अशी आपली रीत! तुरी निघायच्या आत वच्छलाबाई गेली.

वर्ष सरलं. धाकट्या अर्पिताला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "माय कशानं गेली?"

"अटॅक आला," आत्या चटकन म्हणाली.

अपेक्षानं पोह्यांचा ट्रे खाली ठेवला. "अटॅक नाही. किडनीचा कॅन्सर होता. वेळेवर ऑपरेशन केलं असतं तं आज इथंच बसली असती."

"म्हंजे घराण्यात आहे!"

"हा आजार सहसा घराण्यातून येत नाही, डॉक्टरनं सांगतलं. आमच्या घराण्यात लपवाची खोड आहे, ते खरं."

पोह्यांना हात न लावता पाहुणे उठले. आत्या कडाडली, "बहिणीचं वाटोळं केलं तुनं!"

"राहू दे आत्या," अर्पिता म्हणाली. "मले खोट्यावर संसार नाही पाह्यजे."

भिंतीला टेकलेले मारोतराव एकदम हुंदका देऊन बोलले, "ऑपरेशनले तिनं 'नाही' नोतं म्हटलं."

दोघी बहिणी वळल्या.

"यवतमाळहून येतानी एस्टीत तिनं मले इचारलं, 'ऑपरेशन केलं तं मी वाचीन नं?' म्या म्हटलं, आंधी पोरीचं लगन होऊ दे."