लीलाधर बोंड्यांचं पान

जळगावात माणसाची प्रतिष्ठा त्याच्या घरावरून ठरते, नाहीतर केळीच्या बागेवरून. ज्यांचं दोन्ही बेताचं असतं, त्यांची जेवणावरून ठरते. लीलाधर बोंडे या तिसऱ्या वर्गातला होता आणि त्या वर्गात त्याचा पहिला नंबर होता.

त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. पण गावात त्याला दुकानामुळे ओळखणारे थोडे. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी असली की मुलीचा बाप लग्नाच्या गडबडीतही विचारायचा, "लीलाधरभाऊ बसले का?" बसले असतील तर तुपाचं भांडं आधी तिकडे. तो मनापासून जेवला की लग्न चांगलं झालं. तो लवकर उठला की बायका आपसांत विचारायच्या, तूप कमी पडलं का. मांडववाले त्याच्यासाठी प्लास्टिकची एक खुर्ची दुसऱ्या खुर्चीत घालून ठेवायचे आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही, लीलाधरलाही नाही. त्याच्या वजनाबद्दल पाठीमागे कुणी बोलत नसे. तोंडावरच सगळं बोलून झाल्यामुळे मागे काही शिल्लक राहत नसे.

त्यात दोघं आघाडीवर. कुंदन कॉलेजात भूगोल शिकवायचा; लीलाधर बसला की तालुक्याची हद्द सरकते, असं म्हणायचा. कय्युमचा पत्र्याच्या पेट्या आणि कूलर बनवण्याचा कारखाना होता. त्याने एकदा भर दुकानात लीलाधरच्या पोटाला टेप लावला होता आणि या मापाचा कूलर केला तर अर्धी गल्ली गार होईल, असं गंभीरपणे सांगितलं होतं. तिघांची मैत्री शाळेपासूनची. हिवाळ्यात गिरधर नानांच्या मळ्यात भरताची पार्टी व्हायची, तीही कित्येक वर्षांची. वांगी निवडायला लीलाधर, जाळ घालायला कय्युम आणि नुसतं बोलायला कुंदन, अशी कामाची वाटणी होती.

मग गुडघे बोलायला लागले. साखर वाढली. झोपेत लीलाधरचा श्वास थांबायचा आणि तो परत सुरू होईपर्यंत कामिनी, त्याची बायको, उशाशी बसून राहायची. घोरण्याचा तिला त्रास नव्हता, न घोरण्याचा होता. शेवटी नाशिकचे डॉक्टर गाठले. त्यांनी समजावून सांगितलं, पोटाची मोठी पिशवी कापायची आणि केळ्याएवढी करायची. जळगावच्या माणसाला हे उदाहरण लगेच पटलं. कुठल्या जातीचं केळं, एवढंच त्याने विचारलं.

ऑपरेशन चांगलं झालं. भेटायला माणसांची रीघ लागली. खानदेशात आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत, त्यामुळे पोट कापलेल्या माणसाच्या उशाशी केळ्याचे वेफर्स, शेव आणि सोनपापडीचे डबे साठले. तो चमच्याने पाणी प्यायचा आणि डब्यांकडे पाहायचा. कामिनीने ते डबे पुढच्या आजाऱ्यांना देऊन संपवले.

पुढे वजन उतरायला लागलं. पहिले काही महिने कौतुकाचे गेले. ओळखूच आला नाहीत, असं लोक म्हणायचे, आणि काही खरंच ओळखत नसत. त्यानंतर लोकांना काळजी वाटायला लागली. माणूस एवढा वाळतो म्हणजे आत काहीतरी असणार आणि हे लोक सांगत नाहीत, असं ठरलं. किराणा दुकानात एका बाईंनी कामिनीचा हात हातात घेऊन, धीर धर, असं सांगितलं. कामिनीने धीर धरला आणि साबूदाणा घेऊन घरी आली.

त्यानंतर काहीच झालं नाही, आणि तेच वाईट होतं.

लग्नाच्या पत्रिका येत राहिल्या. पण मांडवात गेलं की यजमान पुढे येऊन आदराने म्हणायचे, तुमची तब्येत सांभाळा, आशीर्वाद दिले की निघा, जेवणासाठी थांबू नका. त्यांचं सगळं चांगल्यासाठीच होतं. चहाच्या टपरीवर लीलाधर दोन घोट घेऊन कप ठेवायचा आणि बाकीच्यांना आपली खारी बुडवताना चोरी केल्यासारखं वाटायचं. काही दिवसांनी तो टपरीवर पोचायचा तेव्हा मंडळी चहा पिऊन उठलेली असायची. एकदा कुंदन त्याला 'लीलाधरराव' म्हणाला. शाळेत ज्याने आपल्या डब्यातलं लोणचं चोरलं तो 'राव' म्हणाला की पुढे काय बोलायचं, हे लीलाधरला कळलं नाही.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. गोळ्या कोणत्या, प्रोटीनची पावडर कधी, घास किती बारीक चावायचा. संध्याकाळचं काय करायचं, हे सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. लीलाधर आता जिना चढायचा, पँटचा पट्टा खेचून नवं भोक पाडून घ्यायचा, रात्री निवांत झोपायचा. भूक म्हणावी तशी लागत नसे. तरी दुपारी दुकानात बसल्या बसल्या त्याला हुरहूर लागायची. ती पोटातली नव्हती, हे कळायला त्याला बरेच दिवस लागले, कारण आजवरची त्याची प्रत्येक हुरहूर पोटातलीच निघाली होती.

थंडी पडली. बाजारात हिरवी, पांढऱ्या रेघांची, भरताची वांगी आली. मोबाइलवर त्यांचा 'भरीत मंडळ' नावाचा ग्रुप होता, तो मात्र गप्प. लीलाधरने त्यावर विचारलं, यंदा कधी? दोन अंगठे आले. मग कुंदनने कळवलं की यंदा सगळेच कामात आहेत, बघू.

शनिवारी तो भाजीबाजारात गेला, काही घ्यायचं नव्हतं तरी. झुंबरबाई आसोद्याहून वांगी आणायच्या. तो वर्षानुवर्षं त्यांचा गिऱ्हाईक. त्यांनी त्याला ओळखलं नाही. सवयीने त्याने एक वांगं उचललं, तळहातावर तोललं, हलकं लागलं तसं बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "लीलाधरभाऊ? अरे देवा. बरं नही का?"

बरं आहे, असं त्याने सांगितलं. यावर त्यांचा विश्वास बसला नाही, पण विषय बदलायला म्हणून त्या म्हणाल्या की तुमची मंडळी सकाळीच गोणीभर वांगी घेऊन गेली, उद्या नानांच्या मळ्यात आहे ना, तुम्ही निवडायला का नाही आलात. त्या मास्तरांनी काय वाटेल ती वांगी उचलली.

लीलाधरने हातातलं वांगं जागेवर ठेवलं. घरी येताना त्याच्या लक्षात आलं की ग्रुप गप्प नव्हता. दुसरा ग्रुप निघाला होता.

कामिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली की त्यांनी तुमचाच विचार केला असेल.

"तेच तर," लीलाधर म्हणाला.

रविवारी सकाळी तो आंघोळ करून उगाच घरभर फिरत राहिला. जावंसं वाटत होतं. पण आवतण नसताना जेवायला जायचं म्हणजे आपल्याकडे मेल्याहून मेल्यासारखं. भिकारीसुद्धा आधी दारात हाक मारतो. हे तो कामिनीला पुन्हा पुन्हा ऐकवत होता. तिने शेवटी पोळी तव्यावरून काढली आणि विचारलं,

"तुम्ही जेवायला कुठे जाताय?"

त्याने गाडी काढली.

मळ्याच्या बांधावरूनच धूर दिसला. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ विझत आला होता, म्हणजे वांगी भाजून, ठेचून, फोडणी पडून पंगत बसलेली असणार. विहिरीजवळच्या लिंबाखाली समोरासमोर दोन ओळी, पुढे केळीची पानं. लसणाचा आणि कांद्याच्या पातीचा वास आला आणि लीलाधर थांबला. वासाने त्याला काही झालं नाही. कुणीतरी हसत होतं. ते कय्युमचं हसणं होतं आणि ते ऐकून त्याला काहीतरी झालं.

मग त्यांनी त्याला पाहिलं. हसणं थांबलं. सगळ्यांचे हात पानावर राहिले. शिकलीसवरली, सुना-जावई आलेली माणसं, पण बिडी ओढताना सापडलेल्या पोरांसारखी दिसत होती. कुंदनने तर आपलं पान गुडघ्याने मागे सरकवायचा प्रयत्न केला. कळवणारच होतो, असं तो म्हणाला.

ओळीच्या टोकाला गिरधर नाना बसले होते. मळा त्यांचा, वय सगळ्यांत जास्त. त्यांनी घास तोंडात ठेवला आणि विचारलं, "कोन हाये?"

"लीलाधर आहे, नाना."

"मंग उभा काहून? पान मांडा त्याले."

कुंदन त्यांच्या कानाशी वाकून सांगायला लागला की त्याचं ऑपरेशन झालंय, त्याला जेवण जात नाही. नानांनी ते पुरतं ऐकून घेतलं.

"जेवो नको जेवो. पान मांडा. उभ्या मानसादेखत मले घास उतरत नही."

पान आलं. कुंदन आणि कय्युम सरकले. जुन्या अंदाजाने सरकले, त्यामुळे मधे फार जागा झाली आणि लीलाधर त्या जागेत बसल्यावरही दोन्ही बाजूंनी वारा येत राहिला. कय्युमने त्याच्या पानावर लिंबाएवढं भरीत वाढलं आणि एक पुरी ठेवली. मग पुरीकडे पाहून ती अर्धी करून परत घेतली. आयुष्यात पहिल्यांदा लीलाधरच्या पानावरून काही उचललं गेलं आणि कुणीही विनोद केला नाही.

तो जेवायला लागला. पुरीचा नखाएवढा तुकडा, त्यावर भरीत, आणि मग चावणं. बाकीचे आधी खाली मान घालून जेवत होते. पुढे भरताने आपलं काम केलं आणि ते नुसते जेवायला लागले. वाढप झालं, पुन्हा वाढप झालं, ताक झालं. लीलाधर अजून तिसऱ्या तुकड्यावर होता. कुंदनने बोटं चाटली, सुस्कारा टाकला आणि हात धुवायला उठला.

"बस खाली," नाना म्हणाले. "पंगत उठली का?"

"नाना, त्याला वेळ लागतो. फार वेळ लागतो."

"लागू दे. पानावर मानूस हाये अन् तू कुठी चालला?"

कुंदन बसला. जे अर्धे उठले होते तेही बसले. नानांच्या मळ्यात शेवटच्याचं जेवण झाल्याशिवाय पंगत उठत नसे. या नियमाला आजवर कधी एवढा वेळ लागला नव्हता. सगळ्यांचे हात वाळायला लागले. खायला काही उरलं नव्हतं, मोबाइल खिशात आणि हात खरकटे. बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं, तरी आधी सगळे लीलाधरचं चावणं पाहत बसले.

"दुसरा ग्रुप याने काढला," कय्युमने मानेनेच कुंदनकडे खूण केली.

"सगळ्यांनी ठरवलं होतं," कुंदन म्हणाला.

"ॲडमिन तू आहेस."

लीलाधरने घास संपवला. "नाव काय ठेवलंय?"

"भरीत मंडळ दोन."

"भूगोलवाल्याला दुसरं काय सुचणार," लीलाधर म्हणाला, आणि पलीकडच्या ओळीत कुणीतरी फसकन हसलं.

कुंदन हसला नाही. वाळल्या बोटांनी तो पानाची शीर सोलत बसला. मग म्हणाला, "माझ्या पुतण्याच्या लग्नात तू समोर बसला होतास. एक तुकडा खाऊन थांबलास आणि माझ्या बट्टीकडे पाहत राहिलास. माझा घासच उतरेना. घरी येऊन रडलो मी, बायकोला विचार. तुझ्यासमोर आपण खायचं म्हणजे पाप आहे, असं वाटलं."

"बट्टीकडे नव्हतो पाहत."

"मग?"

"तू भुसावळच्या त्या प्राचार्याची गोष्ट सांगत होतास. माझं खाणं थांबलं तसा तूही थांबलास. मी वाट बघत होतो, पुढे काय झालं ते सांगशील म्हणून." लीलाधरने पुरीचा तुकडा मोडला. "सहा महिने झाले. अजून सांगितलं नाहीस."

कुंदनने कय्युमकडे पाहिलं. कय्युमने नानांकडे पाहिलं. नाना डोळे मिटून लिंबाला टेकले होते.

"त्याचं काय झालं," कुंदन सांगायला लागला, "तो प्राचार्य तपासणीला येणाऱ्या माणसांना आणायला स्टेशनवर गेला, आणि हारतुरे घालून भलत्याच लोकांना घेऊन आला. ते वरणगावला लग्नाला चालले होते." कय्युमने मधेच सांगितलं की ते वऱ्हाडी त्याच्या सासूचे नातेवाईक होते. कुंदन म्हणाला, थाप आहे. यावर दोन्ही ओळींमध्ये वाद लागला. कुणाला तरी दुसरा प्राचार्य आठवला. पानांवर मुंग्या आल्या. हात असे वाळले की मूठ करताना बोटं ओढायला लागली, पण तक्रार कुणी केली नाही. कुंदन आता गुडघ्यावर उभा राहून, हातवारे करत, तपासणी समितीतल्या वऱ्हाड्यांची भाषणं करून दाखवत होता. हसता हसता त्याने लीलाधरच्या मांडीवर थाप मारली, खरकट्याच हाताने.

लीलाधरचं पोट केव्हाच भरलं होतं. पानावर पुरीचा एक तुकडा आणि बोटभर भरीत तेवढं उरलं होतं. एक घास, फार तर. तो ते पाहत राहिला.

नानांनी डोळे उघडले. "झालं का रे?"

"थोडं राहिलंय, नाना," लीलाधर म्हणाला, आणि तो तुकडा त्याने पानाच्या या कडेचा उचलून त्या कडेला ठेवला.